जाळीचा चहा

लोक छत्रपती संभाजीनगरला वेरूळ-अजिंठा बघायला जातात आणि येताना हिमरू शाल आणतात. मी तिथे मोटारगाड्यांचे सायलेन्सर बघायला गेलो आणि येताना काहीच आणलं नाही. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशी झाली सहल?" मी म्हटलं, "छान झाली." खरं सांगायला बसलो असतो तर त्यांचा कुकर करपला असता. इथे निदान कोणाला घाई नाही, आणि ज्यांना असेल त्यांनी खुशाल वेरूळला जावं.

का गेलो ते आधी सांगतो. पुण्याजवळच्या एका मोटार कंपनीत माझी सगळी नोकरी धुरात गेली. इंजिनातून बाहेर पडणारा धूर कमी विषारी कसा करायचा, हेच माझं काम होतं. शेवटची बरीच वर्षं आम्ही चारपाच जण एका छोट्या गाडीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनामागे लागलो होतो. पेट्रोल कमी प्यायला हवं आणि धूरही स्वच्छ हवा. ऐकायला सोपं वाटतं. पण पेट्रोल वाचवायला जावं तर धुरातलं एक विष वाढतं आणि ते आवरायला जावं तर पेट्रोल वाढतं. मधली वाट फार अरुंद असते आणि ती धरून ठेवायला दोन वस्तू लागतात. एक म्हणजे जाळी. सायलेन्सरच्या अलीकडे एका डब्यात मधाच्या पोळ्यासारख्या बारीक भोकांचा एक ठोकळा असतो, पांढऱ्या भाजलेल्या मातीचा, आणि त्याच्यावर महागड्या धातूचा पातळ लेप. धूर त्या भोकांतून गेला की त्यातलं बरंचसं विष मरतं. दुसरी वस्तू म्हणजे सेन्सर, बोटाएवढा. तो धूर हुंगतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो की पेट्रोल जास्त होतंय, जरा हात आखड. आमची गाडी इतरांपेक्षा कमी प्यायची ती या सेन्सरच्या जोरावर. बाजारात मिळणारा साधा सेन्सर न घेता आम्ही जास्त तिखट नाकाचा, खास आमच्यासाठी बनवून घेतला होता.

मग कंपनीला साक्षात्कार झाला की लोकांना छोट्या गाड्या नकोत, उंच गाड्या हव्यात. इंजिन बंद केलं. मी निवृत्त झालो तेव्हा मला त्या इंजिनाची पितळी प्रतिकृती दिली, शाल-नारळासकट. ती फिरत नाही. मला फिरणारं इंजिन हवं होतं, आम्ही केलं तसंच, कोणी हात न लावलेलं. अशी एक जुनी गाडी विकत घ्यायची, दारात ठेवायची आणि रोज सकाळी तिचा आवाज ऐकायचा, एवढीच माझी म्हातारपणाची हौस. पुण्यात तशी सापडली नाही. तेव्हा आमचे साडू भाऊसाहेब फोनवर म्हणाले, "साडूभाऊ, इकडं या. तुमच्या त्या डबीएवढ्या गाड्या आमच्याकडं ढिगानं पडल्यात."

जालना रोड

ढिगाने होत्या हे खरं. जालना रोडवर उतरलो आणि भाऊसाहेबांची वाट बघत उभा राहिलो, तेवढ्यातच तीनचार समोरून गेल्या. मला त्या बघाव्या लागत नाहीत. तीन सिलिंडरचं इंजिन जरा लंगडतं, तो लंगडा ठोका मी झोपेतही ओळखेन. पण यातला एकही ठोका आमचा नव्हता. सगळ्यांचा घसा बसलेला, फाटका, खरखरीत. त्यांच्या मागून येणाऱ्या धुराने डोळे चुरचुरले तेव्हा यांच्यात जाळीच उरलेली नाही हे मला कळलं, आणि तरी मी मनाशी म्हटलं, चार गाड्या म्हणजे शहर नव्हे.

भाऊसाहेब आले ते त्यांच्या नव्या गाडीतून. गाडी कसली, दुमजली बंगलाच. त्यांची बिडकीनकडची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हापासून ते शेतावर जात नाहीत आणि गाडीतून खाली उतरत नाहीत. माणूस मनाने मोकळा. मी आत बसल्यावर त्यांनी रस्त्याच्या कडेला इंजिन चालूच ठेवून घरी फोन लावला, भाजी कोणती केली ते विचारलं, मग माझी खुशाली विचारली, मग पुन्हा भाजीची. मी म्हटलं, "अहो, इंजिन बंद करा तोवर." ते म्हणाले, "एशी बंद हुईल ना." बाहेर कार्तिकातली थंडी होती.

घरी मेव्हणीने ज्वारीच्या गरम भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा वाढला. पुण्यात आमच्याकडे पाहुण्याला 'घ्या ना' असं एकदा विचारतात आणि तो 'नको' म्हणाला की त्याचा मान राखतात. इथे 'नको'ला काही अर्थ नाही. 'नको' म्हणेपर्यंत ताटात दुसरी भाकरी पडलेली असते. त्या प्रवासात मला मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट, म्हणून नोंदवून ठेवतो.

शहागंज

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला शहागंजात युसूफभाईंच्या गॅरेजवर सोडलं. शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याभोवती फळवाले, अत्तरवाले, चपलावाले आणि हॉर्न यांचा जो काला होतो त्यातून वाट काढत एका बोळात शिरलं की हे गॅरेज लागतं. युसूफभाई साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, बोलायला एकदम गोड. मी माझी हौस सांगितली. ते हसले नाहीत, पण हातातला पाना त्यांनी खाली ठेवला.

"साब, गाडी दिला देता. कलर बोलो, मॉडेल बोलो. लेकिन जाळीवाली? वो नक्को बोलो."

"का?"

"अब्बी देखो आप."

समोर आमचीच एक गाडी उभी होती, पांढरी, नुकतीच कोणीतरी जुन्या बाजारातून घेतलेली. मालक तरुण होता, सोबत बायको, बायकोच्या हातात पूजेचं ताट. पूजेआधी जाळी काढायची होती. मला वाटलं मी चुकून काहीतरी ऐकलं. पण इथली रीतच तशी आहे. जुनी गाडी घेतली की आधी जाळी काढतात, मग नारळ फोडतात. कारागिराने खालून डबा कापला, छिन्नी लावून हातोडीने आतली जाळी फोडली, तुकडे एका पिशवीत झाडून घेतले आणि रिकामा डबा वेल्डिंगचा डाग मारून परत बसवला. आम्ही ज्या जाळीसाठी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत डोळे फोडले, ती काढायला त्याला माझी दाढी करायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"जाळी म्हणजे गाडीच्या नरड्यात अडकलेला घास, साब," युसूफभाई मला समजावत होते. "निकाला की गाडी मोकळी. पिकप बघा, आवाज बघा."

"आणि धूर?"

"धुआँ तो पीछे रहता. गाडी आगे जाती."

"पण तपासणीत पास कशी होते?"

यावर मात्र सगळं गॅरेज हसलं. तपासणीवाला नंबरप्लेटचा फोटो काढतो, कागद देतो. धूर हुंगायला त्याला कोणी सांगितलेलं नाही.

मग चहा आला. जाळी काढायची मजुरी शहागंजात कोणी घेत नाही. जाळीवरच्या धातूसाठी भंगारवाले रांग लावून उभे असतात, त्यामुळे उलट गॅरेजच गिऱ्हाइकाला चहा पाजतं, आणि गिऱ्हाइकाबरोबर त्या वेळी जो कोणी हजर असेल त्यालाही. याला ते जाळीचा चहा म्हणतात. "दस्तूर है साब," म्हणत युसूफभाईंनी माझ्यासमोर ग्लास धरला. मला संताप आला. मी म्हटलं, "हा चहा मी घेणार नाही," आणि ग्लास तसाच बाकावर ठेवला. त्या तरुणाची बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला साखरेचा त्रास असावा.

युसूफभाईंना राग आला नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "एक गाडी है. लेकिन मिळायची नाय. वैजापूरकडची एक बाई आहे, धनगराची. दोनदा आली. बोली, बाकी सगळं करा, जाळीला हात लावायचा नाय. मेरेकू बोली, हात लावला तर तुमचा हात मोडीन." हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. तिचं नाव रुक्मिण, आणि गावाचं नाव त्यांनी मला माझ्याच फोनवर लिहून दिलं.

एवढ्या शहरात आणि एवढ्या तालुक्यांत एक. मी रिक्षाने परतताना नाही म्हटलं तरी आनंदाने गाण्याच्या चार ओळी गुणगुणलो.

वैजापूरच्या अलीकडे

लासूरवरून वैजापूरकडे जाताना रस्ता कापसाने आणि कांद्याने भरलेला होता. भाऊसाहेबांची दुमजली गाडी कापसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली आणि पाऊण रस्ता अडकूनच राहिली, कारण ट्रॅक्टरएवढीच तीही रुंद. आमची छोटी गाडी सुळकन बाजूने गेली असती, हे मी बोललो नाही. भाऊसाहेबांनीच ते माझ्या तोंडावरून ओळखलं आणि म्हणाले, "हसू नका."

रुक्मिणचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणभर मेंढ्यांचा वास, बांधलेली बोचकी, ओळीने ठेवलेल्या घागरी. दिवाळी झाली की यांची खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, गोदाकाठाकडे निघते. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या, रानाला खत मिळतं, यांना धान्य. होळीपर्यंत बिऱ्हाड पाठीवर. सोमवारी निघायचं ठरलेलं, आणि मी गेलो तो गुरुवार होता.

गाडी बाभळीखाली उभी होती. लाल रंग उन्हाने विटून विटकरी झालेला. मागची सीट काढलेली आणि तिथे गोणपाटावर दहाबारा कोकरं एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली. मी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. पूर्वी नवी जन्मलेली कोकरं वाटेत घोड्यावर लादून न्यायचे. घोडं मेलं आणि त्याच्या जागी ही गाडी आली. पुढच्या सीटवर रुक्मिणचा सासरा बसायचा, त्याचे गुडघे गेलेले. नवरा आणि दीर मेंढरांबरोबर चालायचे आणि ती गाडी घेऊन मुक्कामाला पुढे जायची.

मी गुडघ्यावर बसून गाडीखाली वाकलो. डबा होता तसा होता. कापलेला नाही, डाग नाही, कंपनीचा शिक्कासुद्धा शाबूत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवत नाही. भाऊसाहेब म्हणाले, "धूळ गेली जनू," आणि दुसरीकडे बघू लागले.

"विकणार का?" मी उठून विचारलं.

"नाय," रुक्मिण म्हणाली. तिशीची, काटक, बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. "अन् जाळीबी काढायची नाय. युसूफभाईनं धाडलं का तुमाला?"

मी सांगितलं, हे इंजिन आम्ही केलं, मी स्वतः ही जाळी बसवली. तिने माझ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सावरला. "मंग बरं झालं तुमीच आलात," ती म्हणाली. "दोन वर्सांखाली आमच्या चुलत्याची व्हॅन व्हती. जाळी काढली, डाग मारला. वाटंत डाग सुटला अन् धूर खालून आत. कोकरं मागं व्हती. मुक्कामाला दार उघडलं तं सगळ्यांनी माना टाकलेल्या. झोपल्यावानी दिसत व्हती, साहेब. म्या एकेकाला हलवून बगितलं."

धुरातल्या त्या मारक वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो, रंग नसतो. प्रयोगशाळेत आम्ही त्याचा आकडा कागदावर बघायचो आणि तो कमी आला की पेढे वाटायचो. माना टाकलेली कोकरं आमच्या कागदात कधी आली नव्हती. मी बॉनेटवर हात फिरवत राहिलो.

सासरा बाजेवर बसून ऐकत होता. त्याने विचारलं, "तुमीच केलं व्हय हे इंजिन?"

"आम्ही चारपाच जणांनी."

"मंग बंद कामून केलं?"

"लोकांना मोठ्या गाड्या पाहिजेत, बाबा."

"आमच्याकडं एखादी वीण लई चांगली निघाली, कमी खाती, रोगाला दाद देत नाय, तं आमी त्यो मेंढा जपतो. तुमी कापला." एवढं बोलून त्याने तंबाखू मळायला घेतली.

आता रुक्मिणने खरी गोष्ट काढली. गाडी चालते पण जोर नाही. सपाटीला कशीबशी, चढाला मधेच गुडघे टेकते. पेट्रोल दुपटीने पिते. समोर पिवळा दिवा सहा-सात महिने पेटलेला. कंपनीच्या दुकानात नेली तेव्हा सांगितलं, सेन्सर गेलाय, मागवलाय, येईल. आला नाही. पुन्हा गेली तेव्हा म्हणाले, येईल. "येईल म्हनून म्या थांबले. बाकीचे म्हनायचे, जाळी काढ, मोकळी व्हईल. म्या नाय काढली. आता तुमी आलात. सेन्सर तेवढा बसवून द्या. सोमवारी निघायचंय."

मी पुण्याहून बरोबर आणलेला, इंजिनाचा दोष वाचणारा माझा स्कॅनर गाडीला जोडला. एका कोकराने तोवर त्याची वायर चघळायला घेतली होती, ती सोडवून घ्यावी लागली. सेन्सर मेलेला होताच. मग मी चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि पहिले काही क्षण तोच ठोका आला, लंगडा, मऊ, आमचा. मी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. तळव्याला धुराचा जोर लागायला हवा होता. नुसती फुंकर लागत होती.

हुंगणारा सेन्सर मेला की कॉम्प्युटर आंधळेपणाने जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते जास्तीचं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं. महिनोन्महिने पेटत राहिलं तर जाळीचं काय होतं ते मला माहीत होतं, पण मी ते तिला सांगितलं नाही. मी म्हटलं, "सेन्सर मी आणतो. रविवारी सकाळी गाडी युसूफभाईंकडे घेऊन या." तिने लगेच चुलीवर दूध ठेवलं. मेंढीच्या दुधाचा तो चहा दाट आणि उग्र होता आणि मी पेला रिकामा करून खाली ठेवला.

बिडकीन

आमचा सेन्सर बनवणारा कारखाना बिडकीनजवळ होता. भाऊसाहेब वाटेत एका सपाट केलेल्या माळाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं आमची मोसंबी व्हती." तिथे आता रुंद रस्ते, दिव्यांचे खांब आणि कुठेच न जाणारे चौक होते. एका चौकात शेळ्या बसल्या होत्या.

कारखान्यातल्या तरुण व्यवस्थापकाने माझं नाव ऐकलेलं होतं. त्याने उठून नमस्कार केला, काजू मागवले, मला सर सर म्हणाला. भिंतीवर हिरव्या पानांचं मोठं चित्र आणि 'स्वच्छ उद्यासाठी' अशी अक्षरं. आता ते विजेच्या गाड्यांच्या चार्जरचे डबे बनवतात. मी म्हटलं, एकच सेन्सर हवाय.

"सर, एकही नाही."

"शिलकीतला असेल. नमुन्याचा असेल."

तो अवघडला. इंजिन बंद झालं तेव्हा कंपनीकडून सूचना आली होती की उरलेला सगळा माल नष्ट करा आणि पुरावा पाठवा, नाहीतर तो बाजारात जाईल. त्यांनी कामगार बसवून एकेक सेन्सर हातोडीने ठेचला आणि ढिगाचे फोटो पाठवले. "तुमच्याच कंपनीचा नियम होता, सर," तो हळूच म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता. मला तरीही त्याचे काजू त्याच्या अंगावर फेकावेसे वाटले. फेकले नाहीत, खाल्लेही नाहीत.

बाहेर येऊन मी पुण्याला जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो आता बॅटरीच्या विभागात आहे. त्याने मनापासून शोध घेतला, संध्याकाळी परत फोन केला आणि म्हणाला, "नाही मिळत हो. आणि खरं सांगू का, एका गाडीसाठी एवढं काय?" इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून पेट्रोल कमी करता आलं असतं. पण कोणी गावठी कारागिराने आमच्या आकड्यांना हात लावू नये म्हणून आम्ही त्याला असं कुलूप घातलं होतं की ते आता आम्हालाही उघडत नव्हतं, कारण किल्ली ठेवणारा विभागच बंद झाला होता. त्या रात्री मेव्हणीने वाढलेली दुसरी भाकरी मी खरोखरच नको म्हटली आणि तिने पहिल्यांदाच माझं ऐकलं.

पुन्हा शहागंज

रविवारी सकाळी रुक्मिण गाडी घेऊन शहागंजात आली. पहाटे निघाली होती. चढावर गाडी थांबली की उतरून दगड लावायचा, इंजिन गार होऊ द्यायचं, पुन्हा निघायचं, असं करत आली. खरं कळवायचं मी टाळलं होतं; तिला वाटत होतं मी सेन्सर घेऊन उभा आहे.

युसूफभाईंनी त्यांच्या डब्यातून दोन जुने सेन्सर शोधून ठेवले होते, मोडीत गेलेल्या आमच्याच गाड्यांचे. मी दोन्ही लावून पाहिले. दोन्ही मेलेले. मग मी गाडीवरचा सेन्सर नुसता काढला आणि त्याचं भोक उघडं ठेवून इंजिन चालू करायला सांगितलं. त्या भोकातून धूर सुटला आणि इंजिनाने एकदम मोकळा श्वास घेतला. त्याचा अर्थ एकच होता. पुढे जाळीतली वाट बंद आहे.

"डबा कापा," मी म्हटलं.

युसूफभाईंनी विचारलं, "आप बोल रहे?"

"हो. मीच सांगतोय."

रुक्मिण पुढे झाली. "जाळी काढायची नाय म्हनले ना म्या."

मी तिला म्हटलं, "आधी बघू." याहून धीराचं वाक्य मला सुचलं नाही. कारागिराने डबा कापला. आत जाळी नव्हती. वितळून थिजलेला एक राखाडी गोळा होता, एका बाजूला बोटभर फट उरलेली. तेवढ्या फटीतून तिने वैजापूरहून इथवर गाडी आणली होती. ज्यांनी पहिल्याच दिवशी जाळी फोडली त्यांच्या गाड्या बाहेर रस्त्यावर झोकात पळत होत्या, आणि जिने राखली तिची जाळी आतून जळून गेली होती.

मी तिला सगळं सांगितलं. बाजारात नवी जाळी मिळते, पण सेन्सरशिवाय तीही अशीच वितळणार. सेन्सर कुठेच नाही, रस्त्यावरच्या गाड्यांतलेही केव्हाच मेलेले किंवा उपटून टाकलेले. आम्ही खास बनवून घेतला होता, त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा चालत नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "म्हंजे आता नुसती नळी?"

"हो."

"अन् कोकरं?"

"काचा उघड्या ठेवायच्या. थांबलात की इंजिन बंद. दर मुक्कामाला खाली वाकून डाग बघायचा."

"आठ दिसांची कोकरं हायेत, साहेब. थंडीत काचा उघड्या ठिवल्या तं गारठून मरतील."

माझ्या सगळ्या नोकरीत कोणी मला इतका साधा प्रश्न विचारला नव्हता.

युसूफभाईंनी डाग स्वतः मारला. एकदा मारून झाल्यावर पुन्हा त्याच्यावरून दुसरा फेरा फिरवला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं आणि मलाही वाकून बघायला लावलं. डाग चांगला होता. इंजिन सुरू केलं तेव्हा आवाज आला तो रस्त्यावरच्या इतर सगळ्या गाड्यांचा, घसा बसलेला. रुक्मिण एक चक्कर मारून आली, जोर परत आलेला होता. वितळलेला गोळा कोपऱ्यात पडला होता. भंगारवाल्याने तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला.

तेवढ्यात सवयीने चहा आला. युसूफभाई ओशाळले, म्हणाले, "इसका तो भाव बी नहीं मिलता. लेकिन जाळी निकली है, चाय तो बनती है." त्यांनी पहिला ग्लास रुक्मिणपुढे धरला. तिने तो घेतला, बाकावर माझ्यासमोर ठेवला आणि पदर खोचून गाडीत बसली. जाण्याआधी तिने चारही काचा खाली करून पाहिल्या, मग दोन वर केल्या, मग त्यातली एक पुन्हा खाली केली.

"तुमीच प्या, साहेब," ती म्हणाली. "जाळी तुमचीच व्हती."

गाडी बोळातून बाहेर गेली आणि घड्याळाच्या मनोऱ्याकडे वळली. तिचा आवाज बाकीच्या गाड्यांत मिसळला, मला वेगळा ओळखता येईना. मी बाकावर बसलो आणि तो चहा प्यायलो. चांगला होता. सगळा प्यायलो.